प्रौढांच्या अध्ययन-प्रेरणेचे आंतरराष्ट्रीय मापन आणि मावळातील अध्ययनार्थी

प्रौढ साक्षरता वर्गातील उपस्थिती रोडावली की अहवालात एक वाक्य हमखास उमटते : ‘अध्ययनार्थींमध्ये शिकण्याची प्रेरणा कमी आढळते.’ वाक्य निरुपद्रवी दिसते, परंतु त्यात एक निवाडा दडलेला असतो. वर्ग ओस पडल्याचा दोष वर्गाची वेळ, जागा, पुस्तक वा शिकविण्याची रीत यांच्याकडे न जाता थेट शिकणाऱ्याच्या मनाकडे जातो. हा निवाडा द्यावयाचा तर प्रेरणा नावाची गोष्ट मोजलेली असली पाहिजे. ती मोजण्याची साधने आज उपलब्ध आहेत, त्यांपैकी एक तर एकवीस देशांत तपासले गेले आहे. ते साधन कसे घडले, वेगवेगळ्या देशांतील आकडे एकमेकांशेजारी ठेवण्यापूर्वी कोणत्या कसोट्या लावाव्या लागतात आणि तेच साधन मावळ तालुक्यात मराठीतून वापरावयाचे ठरल्यास काय घडेल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मापनाची परंपरा

प्रौढ माणूस आपण होऊन का शिकतो, या प्रश्नाच्या आधुनिक अभ्यासाचा आरंभ सामान्यतः सिरिल हूल यांच्या १९६१ मधील ‘द इन्क्वायरिंग माइंड’ या छोट्या ग्रंथापासून धरला जातो. हूल यांनी केवळ बावीस प्रौढांच्या प्रदीर्घ मुलाखती घेतल्या आणि अध्ययनार्थींचे तीन प्रकार मांडले : काही विशिष्ट उद्दिष्ट साधण्यासाठी शिकणारे, शिकण्याच्या निमित्ताने मिळणाऱ्या सहवासासाठी व कार्यमग्नतेसाठी येणारे आणि ज्ञानासाठीच ज्ञान घेणारे. बावीस माणसांवरून काढलेले हे वर्गीकरण पुढे प्रश्नावलीच्या साहाय्याने पडताळले गेले. रॉजर बोशियर यांनी न्यूझीलंडमधील प्रौढ अध्ययनार्थींसाठी तयार केलेली, १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेली सहभाग-मापनश्रेणी ही त्यांतील सर्वाधिक वापरली गेलेली होय. सामाजिक संपर्क, व्यावसायिक प्रगती, समाजसेवा, इतरांच्या अपेक्षा, ज्ञानाची आवड अशी कारणे या परंपरेत वेगवेगळी मोजली जातात.

या परंपरेला एक मर्यादा होती. वर्गात आलेल्या माणसालाच ‘का आलात?’ असे विचारले जाई. न आलेला माणूस मापनाबाहेरच राही. पॅट्रिशिया क्रॉस यांनी १९८१ मध्ये या न आलेल्यांकडे लक्ष वेधले. त्यांनी अडथळ्यांचे तीन गट केले : परिस्थितीजन्य, संस्थाजन्य आणि मनोवृत्तिजन्य. वेळ नसणे, पैसा नसणे, लहान मूल सांभाळावे लागणे हे पहिल्या गटात. वर्गाची गैरसोयीची वेळ व अंतर दुसऱ्यात. ‘या वयात आता काय शिकायचे’ हा भाव तिसऱ्यात. आपल्याकडील अहवाल पहिल्या दोन गटांतील अडथळ्यांची नोंदही बहुधा तिसऱ्याच्याच खात्यावर करतात.

‘पिआक’मधील विधाने

आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २०११-१२ मध्ये प्रौढांच्या क्षमतांची जी आंतरराष्ट्रीय पाहणी सुरू केली, ती ‘पिआक’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. १६ ते ६५ वयोगटातील व्यक्तींचे वाचन, संख्याज्ञान आणि समस्यापरिहार या क्षमता तीत तपासल्या जातात. पहिल्या टप्प्यात चोवीस देश व प्रदेश होते. भारताने या पाहणीत भाग घेतलेला नाही. क्षमता-चाचणीपूर्वीच्या पार्श्वभूमी-प्रश्नावलीत सहा विधाने होती. नव्या कल्पना ऐकल्या वा वाचल्या की त्या प्रत्यक्ष जीवनातील प्रसंगांना लावून पाहणे. नवीन गोष्टी शिकायला आवडणे. नवे काही समोर आले की आधीच्या माहितीशी त्याचा संबंध जोडणे. अवघड गोष्टींचा तळ गाठायला आवडणे. निरनिराळ्या कल्पनांचा परस्परमेळ कसा बसतो हे शोधायला आवडणे. आणि एखादी गोष्ट समजली नाही तर ती स्पष्ट होण्यासाठी अधिक माहिती शोधणे. प्रत्येक विधान आपल्याला कितपत लागू पडते, हे ‘अजिबात नाही’पासून ‘फार मोठ्या प्रमाणात’पर्यंतच्या पाच पायऱ्यांवर सांगावयाचे होते.

जूलिया गोर्गेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये या सहांपैकी चार विधानांची एक मापनश्रेणी मांडली. संबंध जोडण्याविषयीची दोन विधाने त्यांनी वगळली. कारण ती शिकण्याची इच्छा सांगण्यापेक्षा शिकण्याची पद्धत सांगतात. उरलेली चार विधाने एकाच सुप्त गुणाकडे, म्हणजे अध्ययन-प्रेरणेकडे, निर्देश करतात काय आणि एकवीस देशांत ती तोच गुण मोजतात काय, हे दोन प्रश्न त्यांनी तपासले. पहिल्याचे उत्तर समाधानकारक होकारार्थी आले. दुसऱ्याचे उत्तर ‘अंशतः’ असे आले, आणि हे ‘अंशतः’ नेमके समजून घेणे अगत्याचे आहे.

संख्या केव्हा तुलनीय ठरतात

जुन्या काळी मावळात भात पायलीने मोजले जाई. पायली हे नाव सर्वत्र एक असले तरी माप सर्वत्र एक नव्हते. एका गावची दहा पायली भात दुसऱ्या गावी तितकीच भरेल याची शाश्वती नसे. मापनाच्या समतुल्यतेचा प्रश्न असाच आहे. त्याच्या तीन पातळ्या सांगितल्या जातात. पहिली रचनेची : दोन्ही ठिकाणी तीच विधाने त्याच गुणाशी निगडित असली पाहिजेत. एका गावी पायलीने भात आणि दुसऱ्या गावी दूध मोजले जात असेल तर तुलनेचा प्रश्नच उद्भवत नाही. दुसरी पातळी एककाची : प्रेरणा एका मात्रेने वाढली असता विधानावरील प्रतिसाद दोन्हीकडे सारख्याच प्रमाणात वाढला पाहिजे. तिसरी पातळी आरंभबिंदूची. रिकाम्या पारड्यालाच दोनशे ग्रॅम दाखविणारा तराजू वजनातील फरक बरोबर सांगेल, पण वजन चुकीचे सांगेल. सारखीच प्रेरणा असलेले दोन देशांतील दोघेजण एकाच विधानावर वेगवेगळ्या पायरीवर खूण करीत असतील, तर त्या देशांच्या सरासऱ्यांतील फरक प्रेरणेचा नसून खूण करण्याच्या सवयीचा असतो.

‘पिआक’च्या विधानांसाठी वापरलेले प्रतिमान प्रत्येक विधानाचे उंबरठे मोजते. पाच पायऱ्या म्हणजे चार उंबरठे. ‘थोड्या’वरून ‘बऱ्याच’वर येण्यासाठी किती प्रेरणा लागते, हे देशागणिक सारखे आहे काय, असा तो प्रश्न असतो. काही देशांत काही विधानांचे उंबरठे वेगळे निघाले, बहुतेकांचे जुळले. जुळलेल्या विधानांच्या आधारावर सरासऱ्यांची तुलना करता येते, न जुळलेल्यांना मोकळे सोडावे लागते. आंशिक समतुल्यता ती हीच.

ही काटेकोरी अनाठायी नव्हे, हे जपानच्या उदाहरणावरून दिसते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत वाचन व संख्याज्ञान या दोन्हींत जपानचे प्रौढ पहिल्या क्रमांकावर होते. त्याच पाहणीत, सहा विधानांवरून काढलेल्या ‘शिकण्याच्या तयारी’च्या निर्देशांकावर मात्र जपान व दक्षिण कोरिया खालच्या टोकाला होते, तर उत्तर युरोपातील देश आणि अमेरिका वरच्या बाजूस. जपानी माणसाला शिकण्याची आवड नाही, असा अर्थ यावरून काढणे धाडसाचे ठरेल. स्वतःविषयी मोठे विधान न करण्याची रीत, टोकाच्या पायरीऐवजी मधली पायरी निवडण्याची सवय, तसेच ‘आवड’ या शब्दाचे त्या भाषेतील वजन, अशा अनेक शक्यता शिल्लक राहतात. उलट बाजूने, पाहुण्याला नकार न देण्याची रीत असलेल्या समाजात आकडे फुगतात. मावळातील एखाद्या घरी महाविद्यालयातील प्राध्यापक वा विद्यार्थी प्रश्नावली घेऊन गेला आणि ‘तुम्हांला शिकायला आवडते ना?’ असे विचारता झाला, तर दुसरे कोणते उत्तर संभवते?

मराठीत ही विधाने

परदेशी मापनश्रेणीचे भाषांतर करावयाचे, शंभर-दोनशे जणांकडून भरून घ्यावयाचे, क्रॉनबाखचा अल्फा समाधानकारक आला की श्रेणी ‘प्रमाणित’ म्हणून जाहीर करावयाची, ही वाट आपल्या विद्यापीठीय संशोधनात चांगलीच मळलेली आहे. वस्तुतः अल्फा विधानांतील अंतर्गत सुसंगती सांगतो; विधानांचा अर्थ उत्तरकर्त्यास काय लागला, हे तो सांगत नाही. चारही विधाने सारख्याच प्रकारे चुकीची समजली गेली तरी अल्फा उत्तम येऊ शकतो.

‘मला नवीन गोष्टी शिकायला आवडते’ हे विधान सरळ वाटते. परंतु मराठीत ‘शिकणे’ या क्रियेभोवती शाळेचे कुंपण आहे. ‘शिकलेला’ म्हणजे शाळा-महाविद्यालयात गेलेला. न गेलेला तो ‘अडाणी’, आणि हा शब्द माणसे स्वतःविषयी निःसंकोचपणे वापरतात. वडगाव मावळ येथील भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेले ‘इंद्रायणी’ हे वाण स्वीकारताना, किंवा डॉ. ना. के. सावंत यांनी प्रसारित केलेल्या चारसूत्री पद्धतीनुसार ठरावीक अंतरावर रोपे लावून युरिया-डीएपीच्या गोळ्या खोचताना, येथील शेतकऱ्याने जे केले ते अध्ययनच होते. त्याने रोपांचे अंतर बदलले, खताची मात्रा बदलली, शेजाऱ्याच्या खाचरात काय झाले ते पाहिले आणि पुढच्या हंगामात पुन्हा फेरफार केला. तो या साऱ्याला ‘शिकणे’ म्हणेलच असे नाही. ‘करून बघितलं’ असे म्हणेल. पहिल्या विधानावर त्याची खूण ‘फार थोडे’ या पायरीवर पडली, तर ती त्याच्या प्रेरणेची नोंद नसून एका क्रियापदाच्या अर्थाची नोंद ठरेल.

‘आवडते’ हा शब्दही निरपवाद नाही. मराठीत आवड, हौस, ओढ, जिद्द, नड हे शब्द वेगवेगळ्या ठिकाणी उभे आहेत. हौस ही सवडीची गोष्ट आहे आणि घरकाम, शेती, जनावरे यांतून सवड न मिळणाऱ्या स्त्रीने ‘मला आवड आहे’ असे म्हणणे तिला स्वतःलाच अप्रस्तुत वाटू शकते. बचत गटाच्या नोंदवहीवर अंगठ्याऐवजी सही करण्याची तिची इच्छा मात्र जिद्दीच्या कोटीतील असते.

‘तळ गाठणे’ याला मराठीत ‘मुळाशी जाणे’ आणि ‘खोलात शिरणे’ असे दोन पर्याय सुचतात. पहिला गुण आहे, दुसरा बरेचदा दोष : ‘उगाच खोलात शिरू नये’ हा वडीलधाऱ्यांचा सल्ला असतो. भाषांतरकाराने कोणता पर्याय घेतला यावर उंबरठा सरकेल. कल्पनांचा परस्परमेळ हे विधान तर शालेय व्यवहाराबाहेर जवळजवळ निरर्थक वाटते. आणि ‘अधिक माहिती शोधतो’ यात शोधण्याचे ठिकाण पुस्तक किंवा संगणक असावे, असे गृहीत दिसते. येथे माणूस माहिती शोधत नाही, माणसाला विचारतो. शिवाय ‘शोधतो’ की ‘शोधते’, हे मराठीला ठरवावेच लागते. इंग्रजीला ती अडचण नाही. छापील प्रश्नावलीत केवळ पुल्लिंगी रूप ठेवण्याची आपली सवय स्त्री-पुरुष तुलनेच्या अभ्यासातही सुटत नाही, ही नवलाची बाब आहे. तालुक्यातील ठाकर व कातकरी वस्त्यांवर तर प्रमाण मराठीतील विधान हेही एका अर्थी भाषांतरच असते.

मावळातील अध्ययनार्थी

देशादेशांतील तुलनेचे प्रश्न समजून घेण्यासाठी देश ओलांडण्याची गरज नाही. लोणावळा-मावळ परिसर त्यासाठी पुरेसा आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात स्थापन केलेल्या कैवल्यधाम येथे योगाच्या अध्ययनासाठी परदेशांतून प्रौढ येतात. १९४५ पासून कार्यरत असलेल्या ‘शिवाजी’ या नौदल तळावर नौसैनिक अभियांत्रिकीचे प्रशिक्षण घेतात. तळेगाव दाभाडे येथे हरितगृह व काढणीपश्चात तंत्रज्ञानाचे वर्ग भरतात. आणि गावोगावी साक्षरतेचे वर्ग चालतात. चारही ठिकाणी प्रौढ शिकतात. समुद्र ओलांडून स्वखर्चाने आलेल्या योगसाधकाची ‘आवड’ सर्वाधिक भरेल यात नवल नाही, कारण ज्याला आवड नाही तो आलेलाच नसतो. नौसैनिकाचे शिकणे सेवेचा भाग असते. या दोन सरासऱ्या घेऊन ‘योगसाधक अधिक प्रेरित’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे नमुना-निवडीचा परिणाम गुणाच्या नावावर खपविणे होय.

साक्षरता वर्गातील अध्ययनार्थीचे उदाहरण याहून अर्थपूर्ण आहे. देहू-आळंदीच्या सान्निध्यातील आणि संताजी जगनाडे महाराजांचे सुदुंबरे ज्याच्या हद्दीत आहे, अशा या तालुक्यात हरिपाठ मुखोद्गत असलेली निरक्षर माणसे होऊन गेली व आजही आहेत. अशा व्यक्तीला अक्षरओळख हवी असते ती पुष्कळदा हरिपाठ वाचता यावा म्हणून. म्हणजे तिला नवीन काही जाणून घ्यावयाचे नसते. जे आधीच ज्ञात आहे ते वेगळ्या वाटेने पुन्हा भेटावे, ही ओढ असते. ‘नवीन गोष्टी शिकायला आवडते’ या विधानात या ओढीला जागाच नाही. लोकलच्या स्थानकाचे नाव वाचता येणे, नातवाचा अभ्यास घेता येणे, बँकेच्या पुस्तकातील शिल्लक स्वतः पाहता येणे, मोबाइलवरील नाव ओळखता येणे, हे हेतूही नावीन्याच्या आवडीपेक्षा परावलंबन टाळण्याशी अधिक निगडित आहेत. बोशियर यांच्या परंपरेतील कारणांची प्रश्नावली यांतील काही टिपू शकेल. चार विधानांची श्रेणी टिपू शकत नाही. किंबहुना तो तिचा उद्देशही नव्हता. दोष साधनाचा नसून, साधन ज्यासाठी घडले नाही त्या कामी ते वापरण्याचा आहे.

महाराष्ट्राच्या स्वतःच्या इतिहासात प्रेरणेचा आणखी एक प्रकार दिसतो. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात सुरू होऊन पुढे राज्यभर पसरलेल्या ग्राम शिक्षण मोहिमेत साक्षर व्हावयाचे होते ते गावाला. गाव साक्षर झाले की समारंभपूर्वक गौरव होई. या मोहिमेला १९७२ मध्ये युनेस्कोचा क्रुप्स्काया पुरस्कार मिळाला. तेथील शिकण्यामागे ‘मला आवडते’पेक्षा ‘आपले गाव मागे राहू नये’ हा भाव प्रबळ होता. प्रथमपुरुषी एकवचनी विधानांनी हा भाव मोजता येणार नाही. या मोहिमेची दुसरी बाजूही नोंदली गेली आहे : पाठपुराव्याअभावी अनेक नवसाक्षर पुन्हा निरक्षरतेकडे वळले. सामूहिक उत्साहातून आलेली प्रेरणा समारंभानंतर किती टिकते, हा मापनाचा अत्यंत उपयुक्त विषय ठरला असता. परंतु मोजली गेली ती साक्षरांची संख्या. १९७८ च्या राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमात १५ ते ३५ वयोगटातील दहा कोटींचे उद्दिष्ट होते. तेथेही हिशेब संख्येचाच होता.

महाविद्यालयीन संशोधनासाठी

२०११ च्या जनगणनेनुसार पुणे जिल्ह्याचे साक्षरता-प्रमाण ८६ टक्क्यांच्या वर, म्हणजे राज्याच्या ८२.३ टक्क्यांहून अधिक होते. उरलेल्यांत स्त्रिया, वृद्ध आणि डोंगराळ वस्त्यांवरील लोक अधिक असणे स्वाभाविक आहे. २०२२ ते २०२७ या कालावधीसाठी आखलेला ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रम पंधरा वर्षांवरील अशा सर्वांसाठी आहे. त्यातील पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान चाचणी महाराष्ट्रात १७ मार्च २०२४ रोजी प्रथम झाली. वाचन, लेखन व संख्याज्ञान मिळून ती १५० गुणांची असते. कार्यक्रम स्वयंसेवकांवर आधारलेला असल्याने महाविद्यालयातील विद्यार्थी त्यात शिकविणारे म्हणून सामील होऊ शकतात. प्रेरणेविषयी लघुशोधप्रकल्प हाती घेण्यास म्हणूनच हा काळ अनुकूल आहे, आणि म्हणूनच चुकीचे मापन होण्याची भीतीही याच काळात अधिक आहे. ‘पिआक’च्या विश्लेषणात प्रेरणेचा शैक्षणिक पातळीशी संबंध आढळला आहे. हाच निष्कर्ष घाईने येथे आणला, तर कमी शिकलेले ते कमी प्रेरित, आणि कमी प्रेरित म्हणून त्यांच्यावर खर्च कशाला, अशी साखळी तयार होण्यास वेळ लागणार नाही.

तेव्हा प्रारंभ भाषांतरापासून न करता संभाषणापासून करणे इष्ट. दहा-बारा प्रौढांना विधान वाचून दाखवावे आणि त्यांना ते कसे समजले हे त्यांच्याच शब्दांत सांगावयास लावावे. उलट-भाषांतराने जे दोष उघड होत नाहीत ते या पद्धतीने होतात, कारण उलट-भाषांतर करणाराही इंग्रजी जाणणारा, म्हणजे शाळेच्या कुंपणाच्या आतलाच असतो. पाच पायऱ्या तोंडी सांगितल्या तर निरक्षर उत्तरकर्त्याच्या लक्षात शेवटचीच राहते. ज्येष्ठांसाठी ‘चार आणे, आठ आणे, बारा आणे, सोळा आणे’ ही चढण करून पाहण्यासारखी आहे. आणा चलनातून गेला तरी ‘सोळा आणे’ भाषेत टिकून आहे. गॅरी किंग व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडलेली काल्पनिक व्यक्तिचित्रांची पद्धतही उपयोगी पडेल : प्रथम तीन काल्पनिक माणसांचे वर्तन सांगून त्यांना गुण द्यावयास सांगावयाचे, नंतर स्वतःला. त्यावरून उत्तरकर्त्याचे उंबरठे कळतात.

प्रत्यक्ष वर्तनाची नोंद मात्र प्रश्नावलीशेजारी असलीच पाहिजे, आणि ती ऋतुमानासह. मावळात जून-जुलैमध्ये आवणी चालते, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भातकापणी. आवणीच्या पंधरवड्यात संध्याकाळी सात वाजता भरणाऱ्या वर्गाला दिवसभर चिखलात वाकून आलेली स्त्री आली नाही, तर हजेरीपटावर तिच्या नावापुढे जी फुली पडते ती क्रॉस यांच्या पहिल्या गटातील आहे. हजेरीपटाला अनुपस्थितीच्या कारणाचा एक रकाना जोडला, तो अध्ययनार्थीला विचारूनच भरला आणि निदान एक संपूर्ण भातहंगाम चालविला, तर प्रेरणेच्या श्रेणीवरील गुण आणि प्रत्यक्ष येणे यांतील संबंध तपासता येईल.